तलाव की स्तूप? जागतिक वारशासाठी भंडाऱ्याचं नाव निवडताना

11 जुलै 2025 ला पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोच्या वारसा समितीने मराठ्यांचे बारा दुर्ग एकाच नावाखाली जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. अजिंठा, वेरूळ, घारापुरी, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, पश्चिम घाट, मुंबईच्याच गॉथिक आणि आर्ट डेको इमारती ही नावं आधीपासून होती. नकाशा समोर ठेवून या जागा खुणावल्या की दिसतं, एकही खूण विदर्भात पडत नाही. त्यामुळे भंडाऱ्यातल्या माणसाला ‘आपल्याकडचं काय?’ असं वाटणं अगदी रास्त आहे.

हा प्रश्न पडला की नावं भराभर पुढे येतात. पवनीचे स्तूप, अंबागड, सानगडीचा किल्ला, चांदपूर, गायमुख, कोरंभी, कोका अभयारण्य, झाडीपट्टीची नाटकं. प्रत्येक नावामागे कुणाचा तरी खरा जिव्हाळा आहे. पण निवड जिव्हाळ्यावर केली तर पुढची दहा वर्षं निवेदनं देण्यात जातात आणि फाईल जिल्ह्याबाहेर सरकत नाही. म्हणून नाव ठरवण्याआधी काय पाहायचं ते इथे मांडतो. माझं मतही आधीच सांगून टाकतो: भंडाऱ्याने मालगुजारी तलावांचं, म्हणजे गावोगावच्या सिंचनाच्या जुन्या तलावांचं, नाव धरावं. ते का, आणि धरायचं तर कसं, हेच या लेखाचं काम.

जागतिक वारसा करार 1972 चा. भारताने तो 1977 मध्ये मान्य केला. यादीत जाण्यासाठी दहा निकष आहेत. सहा सांस्कृतिक, चार नैसर्गिक. त्यातला एक जरी पुरता उतरला तरी चालतो. पण तेवढ्याने भागत नाही. जागा अस्सल आणि अखंड उरलेली असावी लागते, आणि तिच्या रक्षणाची कायदेशीर व व्यवहारी सोय आजच असावी लागते. जुनेपणा, सौंदर्य, श्रद्धा, इतिहासातलं एखादं मोठं नाव यांना तिथे स्वतंत्र गुण नाहीत. कोरियातला किंवा पेरूमधला माणूस, ज्याने भंडाऱ्याचं नाव कधी ऐकलेलं नाही, त्याला ही जागा नाहीशी झाली तर काय गमवावं लागेल, एवढंच विचारलं जातं. या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत लिहून बघा. लिहिताना ‘प्राचीन’, ‘भव्य’, ‘निसर्गरम्य’ हे शब्द वापरायचे नाहीत. नावं गाळण्याचं निम्मं काम तिथेच होतं.

काही नावं आपली आहेत, पण त्यांचं दार दुसरं आहे. दंडार, झाडीपट्टीची रंगभूमी हा अमूर्त वारसा. त्यासाठी युनेस्कोचा 2003 चा वेगळा करार आहे आणि भारतात ते काम संगीत नाटक अकादमीकडे जातं. चिन्नोर तांदळासाठी भौगोलिक मानांकनाची वाट आहे. कोक्याचं जंगल वाघाच्या वाटेवरचं मोलाचं जंगल आहे. मात्र नैसर्गिक निकषावर त्याची तुलना सुंदरबन, काझीरंगा यांच्याशी होणार. ही नावं वगळल्याने त्यांची किंमत कमी होत नाही.

अंबागडाचं थोडं वेगळं आहे. तुमसर तालुक्यातला हा किल्ला देवगडच्या गोंड राजाच्या, बख्त बुलंदाच्या काळात, साधारण 1700 च्या सुमारास उभा राहिला. एकट्याने तो यादीत जाणं कठीण, कारण किल्ला म्हटला की पहिली तुलना आता त्या बारा दुर्गांशी होईल. पण मध्य प्रदेशाने मंडला-रामनगरच्या गोंड वास्तू तात्पुरत्या यादीत नेल्या आहेत. गोंडांची राज्यं नागपूर, चांदा, भंडारा, छिंदवाडा, मंडला अशी पसरलेली होती. उद्या गोंड स्थापत्याची दोन राज्यांची एकत्र मालिका झाली तर अंबागड तिथे शोभेल. जिल्ह्यातल्या इतिहासप्रेमींनी त्याची मोजमापं, छायाचित्रं, कागदपत्रं आतापासून नीट जमवून ठेवावीत.

आता पवनी. या नावावर रेंगाळायला हवं. वैनगंगेच्या काठचं हे गाव. मातीचा जुना तट, खंदक आणि दरवाजा अजून आहेत. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा त्यावरचा अहवाल 1972 मध्ये आला. जगन्नाथ टेकडीखाली विटांचा जो स्तूप निघाला, त्याचा व्यास 40 मीटरांच्या आसपास भरला. सांचीचा मोठा स्तूप साडेछत्तीस मीटरांचा आहे. म्हणजे सांचीहून रुंद स्तूप आपल्या पवनीत होता! शेजारी चांडकापूर आणि हरदोलाला टेकड्यांवरही स्तूप होते. कठड्यांचे कोरीव खांब मिळाले, दानकर्त्यांची नावं असलेले ब्राह्मी लेख मिळाले. मुचलिंद नागाचं शिल्प तर थांबून बघण्यासारखं आहे. फणा उभारलेला नाग, खाली आसन, आणि त्या आसनावर कुणीही बसलेलं नाही. बुद्धाला मनुष्यरूपात न दाखवण्याचा तो काळ. पावसापासून बुद्धावर छत्र धरणाऱ्या नागाची गोष्ट शिल्पकाराने रिकाम्या जागेभोवती सांगितली आहे.

एवढं असून पवनी पहिल्या क्रमांकावर का नको? कारण अखंडतेचा प्रश्न. कोरीव खांब संग्रहालयात गेले, टेकडीवर उरलाय तो मुख्यतः विटांचा पाया. सांची 1989 पासून यादीत आहे. तिथे तोरणं, कठडे, अंड, सगळं जागेवर उभं आहे. परीक्षक पहिल्याच तुलनेत तिथे बोट ठेवतील. त्यात पवनी हे राहतं, वाढतं गाव. तटाच्या आत-बाहेर घरं आहेत आणि संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरांत बांधकामबंदी व त्यापुढे दोनशे मीटर परवानगीची अट असा केंद्रीय कायदा आहे. हद्द वाढवायची म्हटली की शेकडो कुटुंबांच्या घरदुरुस्तीशी ती येऊन भिडते. गावाला विश्वासात न घेता हे रेटू नये.

पवनीची खरी ताकद सोबतीत आहे. नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यातलं अडम, रामटेकजवळचं मनसर, रामटेकची वाकाटककालीन मंदिरं आणि पवनी यांचं एकत्र चित्र मांडलं, तर सातवाहनांपासून वाकाटकांपर्यंतचा पूर्व विदर्भ उभा राहतो. अजिंठ्याची नंतरच्या टप्प्यातली लेणी ज्या वाकाटकांच्या काळात कोरली गेली, त्यांची मुख्य शाखा या भागात राज्य करत होती. ही मालिका करायची तर पुढाकार विद्यापीठाने आणि पुरातत्त्व खात्याने घ्यायला हवा. भंडाऱ्याने आपल्या बाजूने पवनीची तयारी चोख ठेवावी.

आणि तलाव.

वैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस भरपूर पडतो, पण तो चार महिन्यांत पडून जातो, आणि धान निसवायच्या ऐन वेळी, भाद्रपद-अश्विनात, दडी मारतो. त्या पंधरवड्यात बांधीला एक पाणी मिळालं तर पीक घरात येतं, नाही मिळालं तर तणीस हाती राहते. हे एक पाणी राखून ठेवण्यासाठी इथल्या माणसांनी हजारो तलाव बांधले. चांद्याच्या गोंड राजाने काशीच्या यात्रेहून परतताना कोहळी लोकांना सोबत आणलं आणि तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन दिली, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 च्या आपल्या ग्रंथात कोहळ्यांची ही आठवण नोंदवली आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव मोजले गेलेत.

एक तलाव जवळून बघू. दोन टेकड्यांमधली उताराची जागा हेरून मातीची पाळ घातलेली. पाळीवर आंबा, मोह, चिंच. आत दगडी बांधणीचं तुडूम, त्यात वरून खाली ठेवलेली भोकं. पाणी उतरत जाईल तसं खालचं भोक उघडायचं. त्यातून पाटाने पाणी बांध्यांना. बांध्यांच्या मध्ये मध्ये छोट्या बोड्या. जास्तीचं पाणी सांडव्यावरून निघून खालच्या गावच्या तलावात, तिथून आणखी खालच्या. वर जंगल, मग तलाव, मग गाव, मग धान, मग पुन्हा तलाव. कुणाच्या बांधीला कधी आणि किती पाणी, हे पाहायला गावाने नेमलेला पाणकर. पाण्यात ढिवरांची मासेमारी आणि शिंगाडा. तलाव आटला की पोटातला गाळ शेतात. यात कुठेही महाल नाही, शिल्प नाही, एकाही राजाचा शिलालेख नाही. तरी हे सगळं मिळून एक रचना आहे, आणि ती कित्येक पिढ्या चालत आलेली आहे.

युनेस्कोच्या भाषेत याला सांस्कृतिक भूदृश्य म्हणतात. हा प्रकार 1992 मध्ये मान्य झाला. त्याला लागू पडणारा निकष पाचवा: माणसाने जमीन आणि पाणी वापरण्याची एखाद्या संस्कृतीची खास पद्धत, विशेषतः जी आता धोक्यात आहे अशी. तिसरा निकषही, म्हणजे जिवंत परंपरेची साक्ष, मांडता येईल. निकषांची गर्दी मात्र करू नका. दोन निकष पुराव्यानिशी मांडलेले प्रस्ताव पाच निकष ओरडून सांगणाऱ्या प्रस्तावांपेक्षा जास्त टिकतात.

तुलनेचा भाग सगळ्यात कसून लिहावा लागेल. भात आणि पाणी या विषयावर फिलिपिन्सच्या कॉर्डिलेराची भाताची पायऱ्यांची शेती 1995 मध्ये यादीत आली, बालीची सुबक पद्धत 2012 मध्ये, चीनमधली होंगहे हानी पायऱ्यांची शेती 2013 मध्ये. इराणची कनात 2016 मध्ये आली. श्रीलंकेतली उतरंडीने बांधलेली तलाव-गावं तर आपल्या तलावांची सख्खी भावंडं वाटावीत इतकी जवळची आहेत. त्यांना अन्न व कृषी संघटनेने 2017 मध्ये जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला. मग आपलं वेगळं काय? मला दिसतं ते असं. कॉर्डिलेरा, बाली आणि होंगहे इथली भातशेती डोंगरउतारावरची आहे, आपली सौम्य उताराच्या खोऱ्यातली. बालीत पाण्याचं वाटप मंदिरांच्या जाळ्यातून होतं, आपल्याकडे गावाच्या पाणकरातून आणि मालगुजारीच्या हक्कांतून. आणि गोंड राज्य, कोहळी बांधणारे, ढिवर मासेमार अशा वेगवेगळ्या समाजांनी मिळून एकच व्यवस्था पेललेली आहे. श्रीलंकेशी फरक सांगणं सगळ्यात कठीण जाईल. त्यासाठी अभ्यासक बसवावे लागतील. हा भाग टाळून पुढे गेलेला प्रस्ताव परीक्षकांच्या पहिल्याच वाचनात अडकतो.

अस्सलपणाचे पुरावे इथे दगडात शोधायचे नाहीत, कागदात शोधायचे आहेत. जिल्हा अभिलेख कक्षात जुने बंदोबस्ताचे नकाशे असतात. निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये गावाने तलाव कसा वापरायचा, पाणी कुणाला, मासे कुणाला, पाळ दुरुस्तीला कुणी यायचं, अशा नोंदी मिळतात. 1908 चं रसेलचं भंडारा गॅझेटियर आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा नकाशा आणि आजचं उपग्रहचित्र एकावर एक ठेवून पाळ तिथेच आहे, सांडवा तिथेच आहे हे दाखवता आलं, तर तो पुरावा कुठल्याही भाषणाहून भारी.

सगळे तलाव घ्यायचे नाहीत. हे फार महत्त्वाचं आहे. साखळीने जोडलेले काही तलाव असलेलं एखादं छोटं पाणलोट निवडायचं, जिथे वरचं जंगल, पाळ, तुडूम, बोड्या, गाव आणि धान हे सगळे दुवे अजून शाबूत आहेत. लाखनी, साकोली, लाखांदूर हा कोहळ्यांचा पट्टा, शोध तिथून सुरू करावा. आणि जिल्ह्याच्या रेषेत अडकू नये. नवेगाव बांधचा मोठा तलाव आज गोंदियात आहे, पण 1 मे 1999 पर्यंत तोही भंडाऱ्यातच होता. भंडाऱ्याचा एक गट, गोंदियाचा एक, जमल्यास चंद्रपूर-गडचिरोलीचा एक, अशी मालिका जास्त भक्कम होईल. बारा दुर्गांचा प्रस्ताव दोन राज्यांत विभागलेला असूनही मान्य झाला. आपण तर एकाच राज्यातले शेजारी.

अडचणी लपवू नका. 1950 च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. म्हणून त्यांना ‘माजी मालगुजारी’ किंवा लाडाने ‘मामा तलाव’ म्हणतात. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे राज्याच्या खात्यांकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे, वरचं जंगल वन विभागाकडे. एका तलावावर चार हात आणि पाळ फुटली की कुणाचाच नाही, अशी गत अनेक गावांनी पाहिली आहे. व्यवस्थापन आराखडा लिहिताना हे चौघे एका टेबलावर बसले पाहिजेत आणि पाचवी खुर्ची ग्रामसभेची हवी. बारा दुर्गांतले आठ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचे आणि चार राज्याच्या संचालनालयाचे होते. तरी एकत्र आराखडा झाला. अशक्य काही नाही.

दुसरी अडचण सुशोभीकरणाची. तलावाला निधी मिळाला की पाळीवर सिमेंटचा रस्ता, रेलिंग, बोटिंग, रंगीत दिवे. गाळ काढायचा तर यंत्राने पोट खरवडून सगळ्या पाणवनस्पती मुळासकट बाहेर. असा तलाव वारशाच्या कसोटीतून बाद होतो आणि माशांच्याही उपयोगाचा राहत नाही. याउलट भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांबरोबर केलेलं काम बघा. बेशरमाची झुडपं उपटून काढायची, तलावाचं पोट नांगरायचं, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, देशी मासे परत आणायचे. तलावाच्या डागडुजीचा नमुना म्हणून प्रस्तावात हे काम जोडता येईल.

तिसरी आणि सगळ्यात मोठी अडचण माणसांची. फिलिपिन्सची ती पायऱ्यांची शेती 2001 मध्ये ‘धोक्यातील वारसा’ म्हणून जाहीर झाली, कारण तरुण शहरांकडे गेले आणि पायऱ्या ढासळू लागल्या. 2012 मध्ये ती त्या यादीतून बाहेर आली, पण अकरा वर्षं गेली. बोअरवेल आणि कालव्याचं पाणी आल्यावर ज्या गावाला तलावाची गरजच उरली नाही, ते गाव निवडू नका, ते कितीही देखणं असो. जिथे अजून तलावाच्या पाण्यावर रोवणा होतो, तिथेच हा वारसा जिवंत आहे.

वाट लांब आहे हे आधीच माहीत असलेलं बरं. सांस्कृतिक जागांसाठी भारतात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणामार्फत काम चालतं. आधी देशाच्या तात्पुरत्या यादीत नाव लागतं, तिथे किमान वर्षभर राहावं लागतं, आणि त्या यादीत आज साठहून अधिक नावं आहेत. दरवर्षी एका देशाला एकच नामांकन पाठवता येतं. त्याआधी प्राथमिक मूल्यमापनाची नवी पायरी आली आहे. तिच्या अर्जांची पहिली मुदत 15 सप्टेंबर 2023 ची होती आणि संक्रमणकाळ संपला की ती सर्वांना बंधनकारक आहे. मराठा दुर्ग 2021 मध्ये तात्पुरत्या यादीत आले आणि 2025 मध्ये मुख्य यादीत. राज्य सरकार पूर्ण ताकदीने मागे उभं असताना ही गती. आपण तिच्या दुप्पट काळ धरून चालावं.

म्हणून मधल्या पायऱ्या आधी गाठाव्यात. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिःसारण आयोग शंभर वर्षांहून जुन्या सिंचनरचनांना जागतिक वारसा सिंचन रचना म्हणून मान्यता देतो. 2020 मध्ये सिंधुदुर्गातल्या धामापूर तलावाला ती मिळाली. तोही गावकऱ्यांच्या वापरातला मातीच्या बांधाचा तलाव. धामापूरला मिळू शकते तर साकोली-लाखांदूरच्या तलावाला का नाही? अन्न व कृषी संघटनेच्या कृषी वारशाचं दार दुसरं. भारतातून कोरापूट, कुट्टनाड आणि काश्मीरचं केशर तिथे गेलं आहे. जैवविविधता कायद्याखाली राज्य सरकार जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करू शकतं. शेजारच्या गडचिरोलीतलं आलापल्लीचं वनवैभव 2014 मध्ये तसं जाहीर झालं. यातली प्रत्येक मान्यता मोठ्या प्रस्तावात पुरावा म्हणून उभी राहते. पाण्याच्या रचना आपल्याकडे दुर्लक्षित राहतात हेही आता तितकं खरं नाही. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा, जमिनीखालून पाणी आणणारी ती मुघलकालीन व्यवस्था, तात्पुरत्या यादीत पोचली आहे.

सुरुवात कुणी करायची? रत्नागिरीची कातळशिल्पं 2022 मध्ये तात्पुरत्या यादीत आली. त्याआधी कितीतरी वर्षं तिथल्या हौशी अभ्यासकांनी सडे तुडवले, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारलं, एकेक चित्र साफ करून मोजलं, गावाला त्याची राखण करायला लावलं. सरकार नंतर आलं. आपल्याकडे हे काम महाविद्यालयांचे इतिहास आणि भूगोल विभाग, ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि ढिवरांच्या मत्स्य सहकारी संस्था मिळून करू शकतात. प्रत्येक तलावाला एक वही. तीत तलावाचं गावातलं नाव, पाळीची लांबी, तुडूम आहे की लोखंडी दरवाजा बसवला, सांडव्याचं पाणी कुठे जातं, खाली किती बांध्या भिजतात, पाणकर शेवटचा कोण होता आणि त्याच्या घरात आता कोण आहे, मासे आणि पाणवनस्पतींची ढिवरांच्या तोंडची नावं, पाळीवरच्या देवाचं नाव आणि त्याची जत्रा. सोबत निस्तारपत्रकाची प्रत. लोक जैवविविधता नोंदवही ज्या गावांत झाली आहे, तिथे यातलं बरंच काही आधीच लिहिलेलं सापडेल. ती ग्रामपंचायतीत मागून घ्यावी.

हे काम एप्रिल-मे मध्ये सुरू करणं सोयीचं. पाणी खाली गेलेलं असतं, तुडूम तळापर्यंत उघडं पडतं, पाळीची आतली बाजू मोजता येते. मग सप्टेंबरात, पाणी सोडायच्या दिवसांत, त्याच तलावांवर पुन्हा जाऊन पाणी कुठून कुठे जातं ते चालत बघायचं आणि नकाशावर उतरवायचं. दोन्ही ऋतूंच्या नोंदी असलेले पंधरा-वीस तलाव हाती आले, की जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे जाताना पहिल्या पानावर ठेवायला काहीतरी असेल.